पुण्यातल्या एका खोलीतून पहिला राजकीय सायकेडेलिक फोक-रॉक अल्बम: वहीपासून प्रकाशनापर्यंत

गिटारवर चार-पाच कॉर्ड वाजतात, वहीत अर्धवट गाणी पडून आहेत आणि शहरात जे चाललंय ते बघून गप्प बसवत नाही, अशी बरीच मुलंमुली पुण्यात आहेत. त्यांतल्या अनेकांना सायकेडेलिक फोक-रॉकची ओढ असते: ॲकॉस्टिक गिटार, लोकगीतासारखी सरळ चाल आणि तिच्याभोवती तरंगणारे, उलटे फिरणारे, लांबत जाणारे आवाज. हा लेख त्यांच्यासाठी. स्टुडिओला पैसे नाहीत, बँड नाही, लिहायचं, गायचं आणि ध्वनिमुद्रण करायचं ते एकट्यानंच, असं इथे गृहीत धरलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अशा अल्बममध्ये शब्द ऐकू आला पाहिजे आणि तो नेमका असला पाहिजे. इको, फेझर (आवाजाचा रंग हळूहळू फिरवत राहणारा परिणाम), उलटी गिटार हे सगळं त्या शब्दाच्या अर्थातून निघालं तर ऐकणारा हादरतो. नुसतं पसरलं तर तिसऱ्या गाण्याला तो फोन चाळायला लागतो.

हा प्रकार आला कुठून, ते थोडक्यात. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत लोकगीतं गाणाऱ्यांनी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत कंट्री जो मॅकडॉनल्ड यांनी त्याच वर्षी आपल्या नियतकालिकाचा ‘बोलका अंक’ म्हणून एक छोटी तबकडी काढली आणि तिच्यात युद्धविरोधी गाणं घातलं. १९६७ मध्ये त्यांच्या ‘कंट्री जो अँड द फिश’ या बँडचा पहिला मोठा अल्बम आला. त्यात झिंगलेल्या ऑर्गन-गिटारच्या शेजारी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावर थेट टीका करणारं गाणंही होतं. अमेरिकन गायक-गीतकार टिम बकली यांच्या त्याच वर्षीच्या अल्बममधलं पहिलं गाणं युद्धावर आहे आणि ते स्फोटाच्या आवाजानं उघडतं. तिथे आवाज आणि अर्थ एकाच जागेवरून आले आहेत.

आपल्याला मात्र राजकीय गाणं शिकायला बर्कलीला जायची गरज नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंच्या मैनेच्या छक्कडीत वरवर विरहाचं गाणं चाललेलं असतं आणि आतून संयुक्त महाराष्ट्राचा लढा बोलत असतो. पुण्यातून राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानं निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखी माणसं घडवली. तुमच्या अल्बमचे हे थोरले भाऊ आहेत. त्यांना ऐका, मग गिटार काढा.

पायरी १ : हाताला लागेल असा एक विषय

‘राजकारण’ या विषयावर अल्बम लिहायला बसू नका. सत्ता, स्वातंत्र्य, व्यवस्था हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर आले की तिथेच थांबा आणि घराच्या गॅलरीतून खाली बघा. पुण्यात विषयांची कमतरता नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा कचरा डेपो, वेताळ टेकडीवरून आखलेले रस्ते, बसथांब्यावर तासभर उभी असलेली बाई, यांतला कुठलाही एक विषय अख्खा अल्बम पेलू शकतो.

या लेखात मी पाण्याचं उदाहरण घेतो, कारण पुण्याच्या पाण्यात इतिहास आणि आज दोन्ही आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). तरीही शहराच्या कडेच्या सोसायट्यांत टँकरशिवाय दिवस जात नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं नवं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्याच्या ४० वर्षं आधी, १९२१ मध्ये, मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. जमिनी मावळ्यांच्या बुडाल्या आणि वीज मुंबईला गेली. आज मुळा-मुठेच्या काठाला काँक्रीट घालायचं की नदीला पसरायला जागा ठेवायची, हा वाद चालू आहे. आठ-नऊ गाण्यांचा मसाला इथेच आहे. प्रत्येक गाण्याला यातली एकच गोष्ट द्या.

पायरी २ : गाण्याआधी कागद

नवीन लोक ही पायरी गाळतात, आणि गाणी पोकळ होतात ती इथेच.

माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. अर्जाला १० रुपये शुल्क लागतं आणि उत्तर साधारण ३० दिवसांत यायला हवं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय घेता येतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. गाणं लिहिणाऱ्याला ही मर्यादा फायद्याचीच आहे. ‘पाणी का मिळत नाही’ असं विचारू नका. ‘अमुक प्रभागात मागच्या आर्थिक वर्षात महापालिकेच्या खर्चानं टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, महिनावार माहिती द्यावी’ असं विचारा. अर्ज त्या खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा आणि पोच घ्या.

उत्तर आलं तर आकडा मिळतो. नाही आलं तरी बऱ्याचदा एक ओळ हाती लागते: ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.’ ती मोठ्यानं वाचून बघा. तिच्यात आपसूक एक ठेका आहे. एकसुरी तानपुऱ्यावर, कुठलाही अभिनय न करता, ती पालुपद म्हणून चार वेळा म्हणा. तेवढ्यानं जे साधतं ते दहा घोषणांनी साधणार नाही.

दुसरा साठा माणसांचा. पानशेतचा पूर पाहिलेली माणसं अजून पेठांत आहेत. घरातले आजी-आजोबा, शेजारच्या काकू, कोपऱ्यावरचे वाणी यांच्याशी बोला. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारा, कशासाठी हवा ते सांगा आणि अल्बममध्ये वापरणार असाल तर दोन ओळींची लेखी संमती घ्या. बोलताना मध्ये तोंड घालू नका. सांगणारा थांबला की पाच सेकंद तुम्हीही थांबा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यानंतर येते.

तिसरा साठा ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातलं बरंच काम मुळशीच्या डोंगराळ गावांत झालं. हा संग्रह आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. सासर, पाणी, जात, दुष्काळ हे सगळं त्यात आहे, आणि एकही ओवी भाषण करत नाही.

पायरी ३ : शब्द

एक वाईट ओळ घ्या: ‘व्यवस्थेच्या अंधारात कोंडला स्वातंत्र्याचा श्वास’. यात डोळ्यांना काही दिसत नाही. ही ओळ कुठल्याही शहरात, कुठल्याही वर्षी, कुणाच्याही विरोधात चालेल, म्हणून ती कुणालाच लागत नाही.

आता मोठ्या अभंगाचा साचा घ्या. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. आपला कान लहानपणापासून याला सरावलेला आहे.

टँकर दाराशी । रोज उभा राहे ।
नळ वाट पाहे । धरणाची ॥

पावती फाडली । पाणी मोजले ना ।
कोणी पुसले ना । भाव त्याचा ॥

पहिल्या कडव्याच्या बावीस अक्षरांत टँकर, नळ, धरण ही तिन्ही हजर आहेत आणि ‘व्यवस्था’ हा शब्द लागला नाही. शेवटचा चार अक्षरांचा चरण तोकडा असतो, त्यामुळे त्याच्या मागे रिकामी जागा उरते. सायकेडेलिक आवाजाला खेळायला हीच जागा हवी असते, हे लक्षात ठेवा. पुढे सातव्या पायरीत तिथेच परत यायचं आहे.

अभंगाखेरीज आणखी तीन साचे उपयोगी आहेत. घटना सांगायची तर पोवाडा: पानशेतची सकाळ तासातासानं सांगता येईल. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांवर पोवाडा लिहून इतिहास शूद्रांच्या बाजूनं मांडला, तेव्हा पोवाडा हे वाद घालण्याचंही माध्यम आहे. एका गोष्टीतून दुसरी सुचवायची तर भारूड. आणि बाईच्या आवाजातलं खासगी दुःख सांगायचं तर ओवी. सगळी गाणी एकाच साच्यात लिहिलीत तर अल्बम चौथ्या गाण्याला थकतो.

लिहून झालं की गाऊ नका, बोला. ओळ चालता चालता मोठ्यानं म्हणा. जिथे जीभ अडखळते तिथे जोडाक्षर हलवा. मराठीत ‘प्र’, ‘क्ष’, ‘स्थ’ लांब सुरावर आले की शब्द फुटतो. लांबवायच्या जागी ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ येतील असं बघा. ‘पाहे’ आणि ‘राहे’ लांबवता येतात. ‘व्यवस्थेच्या’ लांबवून बघा, म्हणजे पटेल.

नावं घेण्याबद्दल. राज्यघटनेच्या कलम १९ नं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि त्याच कलमात मर्यादाही आहेत. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. जिवंत माणसाचं नाव घेऊन आरोप करायचा तर हातात कागद हवा. बहुतेक वेळा माणसापेक्षा निर्णयाचं, खात्याचं, तारखेचं नाव घेतलेलं गाणं जास्त टिकतं, कारण माणूस बदलतो आणि निर्णय तिथेच असतो. हे भिऊन राहायला सांगत नाही. नेमकं बोलायला सांगतो आहे.

पायरी ४ : गिटार कशी लावायची

नेहमीच्या लावणीतले कॉर्ड सोडा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकानं डी-ए-डी-जी-ए-डी ही लावणी रुळवली आणि पुढे फोक गिटारची ती खूणच झाली. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत असं लावा. ‘डी’ला षड्ज माना आणि वाचा: सा-प-सा-म-प-सा. हा जवळजवळ तानपुराच आहे. मोकळ्या तारा छेडल्या की ना आनंदी, ना दुःखी असा स्वर घुमतो आणि त्यावर कुठलीही मराठी चाल नीट बसते.

सुरुवातीला दोनच थाट घ्या. खमाज म्हणजे पाश्चात्त्य परिभाषेतला मिक्सोलिडियन आणि काफी म्हणजे डोरियन. फोक-रॉकमधली पुष्कळ गाणी याच दोन स्वरमालांत आहेत, आपल्या लोकगीतांचंही तसंच आहे. दोन परंपरा जिथे आधीच एकमेकींना भेटलेल्या आहेत तिथून सुरुवात केली तर ओढूनताणून ‘फ्यूजन’ करावं लागत नाही. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर एकसारखा चालू ठेवा, बाकी बोटांनी चाल. अभंगाला भजनी ठेका, आठ मात्रा, मिनिटाला ७५ ठोक्यांच्या आसपास.

पायरी ५ : एक देशी वाद्य, नीट

सतार टाळा. सायकेडेलिक म्हटलं की सतार हे समीकरण साठच्या दशकात परदेशात इतकं वापरलं गेलं की त्यातून आता आपला पत्ता कळत नाही. त्याऐवजी तुणतुणं घ्या. पोकळ लाकडी नळकांडं, तळाला कातडं, बाजूला काठी, वर खुंटी, आणि कातड्याच्या मधोमधून निघून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. शाहिराच्या मागे उभा राहून जो ते वाजवतो त्याचं काम सूर आणि ठेका दोन्ही एकाच वेळी धरणं. तार गिटारच्या ‘डी’ला मिळवा. खुंटी एका दमात पिळू नका, थोडं फिरवा, छेडा, ऐका. कातडं पावसाळ्यात सैल पडतं आणि सूर उतरतो, म्हणून प्रत्येक टेकच्या (एका सलग मुद्रणाच्या) आधी परत बघा. लाकडाच्या तुकड्यानं छेडलं की आवाज खरखरीत आणि पुढे येणारा निघतो, नखानं छेडलं तर मऊ. दोन्ही ध्वनिमुद्रित करून ठेवा.

वाद्यं जवळून बघायची असतील तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन बघून या. तालासाठी दिमडी किंवा डफ पुरे. संबळ वाजवता येणारं कुणी ओळखीचं असेल तर एका गाण्याला जरूर बोलवा, त्यांचं मानधन आणि श्रेय आधी ठरवा.

पायरी ६ : खोली, वेळ, सामान

सामान कमी लागतं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारं यंत्र), एक कंडेन्सर माइक, बंद कानाचे हेडफोन, लॅपटॉप. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नवख्याला ते पुढची अनेक वर्षं पुरतं. केबल, कनेक्टर, ॲडॉप्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. केबल तिथेच वाकवून, हलवून तपासून घ्या.

खोली निवडताना आकारापेक्षा शांतता बघा. भिंतींना फोम चिकटवण्याआधी घरातल्या गोधड्या काढा. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगल्या की खोलीचा पोकळ आवाज बराच जातो, कारण माइकच्या तोंडासमोर येतो तो तुमच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. पंखा बंद. पेठेत राहत असाल तर दुपारी दोन ते चार ही सोन्याची वेळ आहे. उपनगरात हायवेजवळ असाल तर रात्री अकरानंतर. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव चालू असतात, तेव्हा त्या वेळात गिटारचं काम ठेवू नका. उलट नदीकाठी फोन घेऊन जा आणि तो दूरवरून येणारा ढोल मुद्रित करून आणा. पुलावरून, अर्ध्या किलोमीटरवरून आलेला तो गडगडाट पानशेतच्या गाण्याखाली मंद लावला तर वेगळा सिंथेसायझर लागणार नाही.

मुद्रणाची मांडणी अशी: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (इंटरफेसकडून माइकला मिळणारी वीज) चालू. गिटारसाठी माइक बाराव्या परद्यासमोर (फ्रेटसमोर), २५-३० सेंटिमीटरवर, किंचित गिटारच्या अंगाकडे वळवलेला. भोकासमोर धरलात तर सगळं गुबगुबीत होईल. आवाजाचा सर्वांत मोठा कळस उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या; २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज परत येत नाही. गाण्यासाठी पॉप फिल्टर हवाच, कारण ‘भ’, ‘फ’, ‘ध’ यांची हवा थेट माइकवर आदळते. रस्त्याचा आवाज टाळता येतच नसेल तर डायनॅमिक माइक घ्या आणि पाच-सात सेंटिमीटरवरून गा.

क्रम: आधी गिटार आणि कच्चं गाणं एकत्र, मग ताल, मग तुणतुणं, सर्वांत शेवटी पक्कं गाणं. पोवाड्याला क्लिक (कानात वाजणारा यांत्रिक ठोका) लावू नका. शाहीर ओळीच्या शेवटी ओढतो आणि पुढच्या ओळीला झेप घेतो, तो श्वास क्लिकमध्ये मरतो.

पायरी ७ : धूसर, फिरणारे, उलटे आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि प्रत्येक परिणाम लावण्याआधी वहीत त्याचं कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर परिणाम काढून टाका.

उलटा घुमारा. १९६६ मध्ये बीटल्सनी गिटारची फीत उलटी चालवून बघितली, तेव्हापासून हे तंत्र या संगीतात आहे. लॅपटॉपवर ते असं करतात: एका शब्दाचा तुकडा कॉपी करा, तो उलटा करा, त्यावर तीन सेकंदांचा रिव्हर्ब (घुमारा) लावा, तोही पूर्ण ओला, म्हणजे मूळ आवाज न राहता नुसता घुमारा उरेल असा, रेंडर करा (परिणामासह नवी फाइल काढा) आणि तो अख्खा तुकडा परत उलटा करून मूळ शब्दाच्या आधी ठेवा. आता शब्द यायच्या आधीच त्याची सावली फुगत येते. पानशेतच्या गाण्यात ‘धरण’ या एका शब्दाला हे लावा, फक्त एकदाच. ऐकणाऱ्याला काहीतरी येतंय हे कळतं आणि मग शब्द फुटतो. प्रत्येक कडव्याला लावलंत तर तो धक्का संपला.

डिले, म्हणजे ठरावीक वेळानं आवाज परत ऐकवणारा परिणाम. वेळ अंदाजानं ठेवू नका. ६०,००० ला (एका मिनिटातले मिलिसेकंद) गाण्याच्या गतीनं भागा: ७५ च्या गतीला एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा, अर्धा ४००, पाऊण ६००. अभंगाच्या त्या चार अक्षरी चरणाच्या मागची रिकामी जागा आठवते ना? ‘धरणाची’ या शब्दावर ६०० चा डिले उघडा आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बंद करा. वाट पाहणं तिथे कानाला ऐकू येतं. ‘अभिलेखावर उपलब्ध नाही’ या पालुपदाला याच्या विरुद्ध करा, डिले बंद न करता वाढवत न्या: पहिल्यांदा एक पुनरावृत्ती, दुसऱ्यांदा तीन, चौथ्यांदा फीडबॅक (पुनरावृत्त्यांचं प्रमाण) इतका वाढवा की वाक्य स्वतःवरच कोसळेल. तो क्षण कर्कश होऊ द्या.

फेझर. तुणतुण्यावर अतिशय संथ, ०.२ हर्ट्झ, म्हणजे एक फेरा पाच सेकंदांचा. एकच तार, पण तिच्या आत रंग फिरत राहतात. आपल्या मातीतलं वाद्य आणि हा परिणाम यांचं इतकं जुळतं की अल्बमचा ओळखीचा आवाज इथेच सापडेल.

ट्रेमोलो, म्हणजे आवाज ठरावीक गतीनं लहान-मोठा होत थरथरणं. टँकर रिकामा करताना पंपाची धडधड फोनवर मुद्रित करा, दहा सेकंदांत ठोके मोजा आणि गिटारच्या ट्रेमोलोची गती तितकीच ठेवा. गाण्याच्या सुरुवातीला खरा पंप, मग हळूहळू पंप विरतो आणि गिटार तेवढ्याच गतीनं थरथरत राहते.

दुहेरी आवाज. १९६६ मध्येच लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी एकच आवाज दोन फितींनी दुप्पट करण्याचं यंत्रतंत्र बसवलं. तुम्ही सरळ दोनदा गा. पोवाड्यात झीलकऱ्यांचं (शाहिराच्या मागे सूर धरणाऱ्यांचं) ‘जी जी’ तीन-चार वेळा गाऊन डावी-उजवीकडे पसरवा, थोडं मागे ढकला. एकटा माणूस खोलीत बसून अख्खं पथक उभं करू शकतो.

खरी फीत. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. चालू स्थितीतला कॅसेट रेकॉर्डर मिळाला तर घ्या, पण विकत घेण्याआधी कॅसेट टाकून वाजवून बघा. एखादी ओळ कॅसेटवर उतरवा, परत लॅपटॉपमध्ये घेताना फिरत्या चकतीला बोटानं हलकेच अडवा. सूर पाण्यात बुडाल्यासारखा खाली येतो. फितीची गती घड्याळाशी जुळत नाही, म्हणून अख्खं गाणं असं करू नका, तुकडेच घ्या.

पायरी ८ : मिक्स

शब्द इथे वाचतो किंवा मरतो. रिव्हर्ब थेट आवाजावर लावू नका, वेगळ्या सेंडवर (आवाजाची प्रत जिथे पाठवता येते अशा वेगळ्या ट्रॅकवर) ठेवा. त्याला ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले द्या, म्हणजे व्यंजन आधी कोरडं ऐकू येईल आणि घुमारा त्याच्या मागून. रिव्हर्बमधले २५० हर्ट्झच्या खालचे आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर कापा. डिलेच्या परतीच्या वाटेवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावा आणि गाण्याचा आवाज आला की त्यानं डिले दाबावा असं जोडा. गाणारा गातो तेव्हा इको दबतो, थांबला की वर येतो. आवाज स्पष्ट कळतो तो मुख्यतः २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून गिटारचा त्या भागातला आवाज दोन-तीन डेसिबलनं उतरवा. ‘स’, ‘श’ आणि ‘चाळ’, ‘जात’ यांतले दंत्य ‘च-ज’ टोचत असतील तर डी-एसर (टोचरे ‘स’ मऊ करणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झवर, अगदी हलका.

मग मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐका. हे टाळू नका. फेझर आणि रुंद पसरलेले दुहेरी आवाज मोनोत एकमेकांना खाऊन टाकतात आणि बरेच लोक फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात. नंतर वही न बघता ऐकणाऱ्या दोन माणसांना गाणं ऐकवा आणि ओळी लिहून काढायला सांगा. त्यातला एक जण शक्यतो ज्या भागावर गाणं आहे तिथला असू द्या. माहिती चुकली असेल तर तो सांगेल, आणि दुरुस्तीला अजून वेळ असेल.

मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, अख्ख्या अल्बमचा आवाज सरासरी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) जवळ आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचा खरा कळस, उणे १ डेसिबलच्या आत. सगळी गाणी सारखीच मोठी करू नका. ओवी पोवाड्यापेक्षा हळूच हवी.

पायरी ९ : क्रम

दोन बाजूंची तबकडी डोळ्यांसमोर ठेवा: दोन्हीकडे सुमारे २० मिनिटं. पहिलं गाणं सर्वांत समजायला सोपं. सर्वांत लांब आणि धूसर गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी. दुसरी बाजू एकट्या गिटारवर उघडा, कान मोकळा होतो.

पायरी १० : हक्क

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही लिहिलेल्या, मुद्रित केलेल्या गाण्यावर तुमचा हक्क निर्मितीबरोबरच येतो. नोंदणी सक्तीची नाही, पण मसुदे आणि प्रकल्पाच्या फायली तारखेसह जपा. दुसऱ्याचे शब्द वापरायचे असतील तर नियम असा: लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. तुकाराम किंवा जोतीराव फुले (मृत्यू १८९०) मोकळे आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. पारंपरिक गाणं मोकळं असतं, पण कुणीतरी केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं. ओवी घेतलीत तर ती कुणी गायली त्या बाईचं आणि गावाचं नाव छापा, आणि संग्राहकांची परवानगी घ्या.

मित्रानं संबळ वाजवली असेल तरी एक पानाचं पत्र करा: काय वाजवलं, किती मानधन, उत्पन्नात वाटा आहे की नाही. मैत्री टिकवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय. कुणी कंपनी करार घेऊन आली तर २०१२ ची दुरुस्ती लक्षात ठेवा: गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा करारानं सोडून देता येत नाही. स्वामित्वधन गोळा करण्यासाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही १९६९ पासूनची संस्था आहे, तिचं सभासदत्व घ्या. वितरकाकडून (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या कंपनीकडून) प्रत्येक गाण्याला बारा वर्णांचा आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक मिळेल, तो आपल्या वहीत उतरवून ठेवा.

पायरी ११ : लोकांपर्यंत

प्रकाशनाच्या तारखेआधी निदान तीन-चार आठवडे गाणी वितरकाकडे चढवा. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्याहून महत्त्वाची आहे ती गाण्यांची पुस्तिका. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाईची सोय मुबलक आहे. पुस्तिकेत सगळे शब्द छापा आणि प्रत्येक गाण्याखाली त्यातल्या वस्तुस्थितीचा आधार: अर्जाचा विषय, उत्तराची तारीख, घटनेचं वर्ष. राजकीय गाण्यावर पहिला आक्षेप ‘हे खरं कशावरून’ हाच येतो, त्याचं उत्तर ऐकणाऱ्याच्या हातात असू दे. ज्यांनी आवाज दिले, आठवणी सांगितल्या, त्यांच्या घरी ती स्वतः नेऊन द्या.

पहिला कार्यक्रम लहान ठेवा. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, नवी पेठेतलं एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह, सिंहगड रस्त्यावरचं साने गुरुजी स्मारक या जागांना असा श्रोता ओळखीचा आहे. तारीख, भाडं, ध्वनिव्यवस्था आणि लागणाऱ्या परवानग्या यांबद्दल आधी लेखी विचारून घ्या. उघड्यावर गाणार असाल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, म्हणून साडेआठला सुरुवात करून चालणार नाही, साडेसहाला करा.

मंचावर एक गिटार, एक तुणतुणं वाजवणारा सोबती, डिलेचं एक पेडल आणि जमलं तर लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणारं यंत्र), इतकं पुरतं. लॅपटॉपवरचे सगळे थर तिथे उभे करायचा प्रयत्न करू नका. सभागृहाला स्वतःचा घुमारा असतो, त्यामुळे घरी ठरवलेला रिव्हर्ब निम्म्यावर आणा. ध्वनिचाचणीच्या वेळी ओळखीच्या कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा, टँकरचं एक कडवं गा आणि त्याला ते परत म्हणायला सांगा. ‘पाहे’चं ‘राहे’ ऐकू आलं असेल तर रिव्हर्ब आणखी उतरवा आणि पुन्हा गा.